पिले मोजली, दळण विसरलो

वराहपालनाविषयी मराठीत लिहायचे म्हणजे आधी थोडा संकोच बाजूला सारावा लागतो. आपल्याकडे डुक्कर एक तर शिवीत येते, नाही तर नगरपालिकेच्या तक्रारवहीत. परंतु आसाम, मेघालय, नागालँड, मिझोरम या राज्यांतील खेड्यांत डुक्कर म्हणजे घरातील बचतठेव होय. मुलांची फी, आजारपण, लग्नकार्य, नाताळ अशा प्रसंगी ही ठेव मोडली जाते. आपल्याकडचा कोरडवाहू शेतकरी अडीअडचणीला बोकड विकतो, तसेच हे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील डुकरांची संख्या सुमारे ९०.६ लाख भरली. २०१२ च्या गणनेपेक्षा ती बारा टक्क्यांनी घटली होती. त्यांपैकी एकट्या आसामात सुमारे २१ लाख होती. पुढे २०२० मध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा रोग आसाम व अरुणाचलात प्रथम आढळला, आणि अनेक घरांतील ही ठेव एका आठवड्यात बुडाली.

यावर शासनाचा उपाय ठरलेला असतो : पिले वाटणे, गोठे बांधणे, वाटलेल्या पिलांची संख्या अहवालात लिहिणे. पिलांच्या पोटात जाणारे अन्न कोणत्या रूपात जाते, म्हणजे ते भरडलेले असते की अख्खे, कच्चे की शिजवलेले, ताजे की खवट, हे विचारणारा रकाना मी हाताळलेल्या एकाही प्रपत्रात नव्हता. वाढत्या वयाच्या डुकराच्या बाबतीत खर्चाचा साठ-सत्तर टक्के भाग खाद्याचा असतो. ज्या बाबीवर एवढा पैसा जातो तिच्याविषयी योजना मौन पाळते, हा माझा आरोप आहे. आरोपींच्या यादीत मी स्वतःही आहे, हे प्रथमच सांगून टाकतो.

काही वर्षांपूर्वी एका केंद्रपुरस्कृत योजनेच्या पाहणीसाठी मी खासी टेकड्यांत गेलो होतो. प्रत्येक लाभार्थी कुटुंबास संकरित जातीची तीन पिले दिली होती. प्रकल्प अहवालानुसार आठ-नऊ महिन्यांत प्रत्येकाचे वजन ऐंशी किलोच्या आसपास जावयास हवे होते. आम्ही एका पन्नाशीच्या बाईंच्या अंगणात उभे होतो. तिथे वडीलधाऱ्या स्त्रीला आदराने 'कोंग' म्हणतात, म्हणून मीही त्यांना कोंगच म्हणालो. त्यांची डुकरे आठ महिन्यांची होती आणि एकही पस्तीस किलोंच्या वर नसावे. माझ्यासोबतचे अधिकारी लगेच म्हणाले, "साहेब, जात चांगली आहे, पण हे लोक खायला घालत नाहीत."

हे वाक्य मी तीस वर्षांच्या नोकरीत निरनिराळ्या रूपांत ऐकले आहे. शेतकरी खत टाकत नाही, पालक मुलाला शाळेत पाठवत नाहीत, आई बाळाला पोषण देत नाही. योजना फसली की दोष लाभार्थ्याच्या स्वभावात सापडतो. त्या दिवशी मात्र समोर चुलीवर मोठे पातेले रटरटत होते, तेव्हा मी कोंगना त्यात काय आहे ते विचारले. दुभाष्यामार्फत उत्तर आले. भाताचा कोंडा, जाडसर फोडलेला मका आणि अळूची पाने व कंद. हे सारे रोज संध्याकाळी दोन तास शिजते. सरपण मुली आणतात. आणि प्रथिने? कोंगनी कोपऱ्यातील डबा उघडून दाखवला. त्यात घरचे सोयाबीन होते. प्रशिक्षणात "सोयाबीन द्या" असे सांगितले होते, म्हणून त्या मूठभर सोयाबीन कुटून वरून घालत होत्या. कच्चेच.

वाचकांच्या लक्षात आले असेल. जो मका शिजवण्याची गरज नव्हती त्यावर रोज दोन तास लाकूड जळत होते, आणि जे सोयाबीन शिजवल्यावाचून देऊच नये ते कच्चे जात होते. बाई आळशी नव्हती, अडाणीही नव्हती. उलट तिच्या जातीबांधवांना सोयाबीन उकडून आंबवण्याची कला पिढ्यान्‌पिढ्या येते. मेघालयातले तुंगरिम्बाई आणि नागालँडमधले अखुनी ही त्याचीच उदाहरणे. माणसासाठी सोयाबीन शिजवायचे हे तिला ठाऊकच होते. डुकरासाठीही शिजवायचे, एवढे एक वाक्य प्रशिक्षणाच्या पत्रकात नव्हते.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. पशुपोषण हा माझा विषय नव्हे. परंतु त्या पाहणीनंतर जे वाचले, जाणकारांना विचारले, त्याचा सारांश इथे देतो. त्यावाचून माझी तक्रार भावनिक वाटेल.

आईच्या दुधावरून अचानक धान्यावर आलेले पिलू हे वराहपालनातील सर्वांत नाजूक प्रकरण आहे. दुधातील शर्करा पचवणारी विकरे त्याच्याकडे भरपूर असतात, पण पिष्ट पचवणारी अपुरी. जठरातील आम्लही कमी असते. दूध तुटल्यावर पहिले काही दिवस ते धड खात नाही. त्यामुळे आतड्याच्या अस्तरावरील सूक्ष्म अंकुर आखडतात, अन्न अर्धवट पचून पुढे सरकते, जंतू त्यावर पोसले जातात आणि हगवण लागते. या काळात मागे पडलेले पिलू सहसा मागेच राहते. तेव्हा खाद्यात काय आहे याइतकेच ते कसे तयार केले आहे यालाही महत्त्व आहे. प्रक्रिया म्हणजे पचनाचा काही भाग पोटाबाहेर उरकून घेणे.

पहिली प्रक्रिया दळणाची. दाणा जितका बारीक, तितका पाचक रसांना पृष्ठभाग अधिक. मक्याच्या कणांचा सरासरी आकार हजार मायक्रॉनवरून सहाशे-सातशेपर्यंत आणला तर प्रत्येक शंभर मायक्रॉनमागे खाद्याची उपयुक्तता साधारण एक ते सव्वा टक्क्याने वाढते, हे अमेरिकेतील कॅन्सस राज्य विद्यापीठात व अन्यत्र वारंवार दिसून आले आहे. अर्थात बारीक म्हणजे पिठासारखे नव्हे. फार बारीक दळण जठरात व्रण निर्माण करते, गव्हाणीत गठ्ठा धरते, आणि पिलू नाक खुपसून शिंकत दूर होते. जात्यासारख्या दगडी चक्कीचे पीठ म्हणून कामाचे नाही. हातोड्याच्या गिरणीला साधारण तीन मिलिमीटर छिद्रांची चाळणी लावली की काम भागते. कोंगच्या मक्याचे तुकडे त्याच्या कितीतरी पट मोठे होते, आणि त्यातले पुष्कळसे शेणातून अख्खे बाहेर पडत होते.

दुसरी प्रक्रिया शिजवण्याची. इथे सरसकट नियम चालत नाही आणि नेमका इथेच आपला कारभार अडखळतो, कारण आपल्याला सरसकट नियम आवडतात. मका, ज्वारी, भात यांसारखी धान्ये वाढत्या डुकरांसाठी शिजवून फायदा होत नाही. अमेरिकेतील कृषी प्रयोगकेंद्रांनी हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच तोलून पाहिले होते. नुकत्याच दूध तुटलेल्या पिलांना पहिले एक-दोन आठवडे वाफवलेल्या धान्याचा थोडा लाभ होऊ शकतो, इतकेच. याउलट बटाटा शिजवलाच पाहिजे, कारण त्याचे कच्चे पिष्ट डुकराला नीट पचत नाही. अळूतील खाजरे स्फटिक घशाला टोचतात, म्हणून तोही शिजवायचा. साबुकंदात सायनाइड निर्माण करणारे घटक असतात, म्हणून तो सोलून, काप करून, वाळवून किंवा उकळूनच द्यायचा. आणि सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन रोखणारे द्रव्य असते, ते उष्णतेने निकामी होते. ऑस्बॉर्न आणि मेंडेल या शास्त्रज्ञांनी उंदरांवरील प्रयोगांतून कच्च्या सोयाबीनवर वाढ होत नाही आणि शिजवलेल्यावर होते, हे १९१७ मध्येच दाखवले होते. म्हणजे या माहितीला शंभर वर्षे उलटून गेली. खासी टेकड्यांतील अंगणापर्यंत ती पोचली नव्हती.

याच संदर्भात एक मराठी दुवा सांगतो. लातूर, इंदूर या पट्ट्यातील कारखान्यांत तेल काढल्यावर उरणारी सोयापेंड देशभरच्या पशुखाद्यात जाते. ती कारखान्यातच भाजून निघते, म्हणून ती घरी शिजवावी लागत नाही. उलट अति तापवली तर तिच्यातील लायसिन हे अमिनो आम्ल निकामी होते, आणि मक्यावर पोसलेल्या डुकराला सर्वांत आधी तुटवडा पडतो तो लायसिनचाच. म्हणजे पेंड आणि दाणा, एकाच पिकाची दोन रूपे, आणि नियम परस्परविरुद्ध. "सोयाबीन द्या" या दोन शब्दांत हे मावत नाही.

तिसरी गोष्ट कोंड्याची. खेड्यातील जुनी हलर गिरणी भाताचे तूस आणि कोंडा एकत्रच बाहेर टाकते. त्यातील तूस डुकराला पचत नाही, नुसते पोट भरते. आधुनिक गिरणीत तूस वेगळे निघते आणि कोंड्याची खरी किंमत हाती येते. पण तोही कोंडा साठवला की त्यातील विकरामुळे तेल काही आठवड्यांत खवट होते व जनावर खात नाही. उकड्या तांदळाचा कोंडा अधिक टिकतो, कारण भात उकडताना ते विकर निष्क्रिय झालेले असते. बाजारात, गोदामात, निविदेत मात्र हे तिन्ही प्रकार 'राइस ब्रान' या एकाच नावाने वावरतात.

चौथी प्रक्रिया गोळीखाद्याची, ज्याला सगळे पेलेट म्हणतात. वाफ देऊन दाबलेल्या या गोळ्यांमुळे सांडलवंड कमी होते, पिलू आवडते तेवढेच निवडून खाऊ शकत नाही, आणि खाद्याची उपयुक्तता साधारण पाच ते आठ टक्के सुधारते. मात्र गोळ्यांचा वाटेत भुगा झाला तर हा लाभ बराचसा वाहून जातो. सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्ट्यातून डोंगरातील गावापर्यंत चार वेळा चढउतार होऊन पोचलेल्या पोत्यात गोळ्या किती आणि भुगा किती, हे कोणीही हात घालून पाहावे.

आता हिशेब मांडू. एक पिलू दहा किलोंवरून सत्तर किलोंवर न्यायचे आहे आणि प्रत्येक किलो वाढीला चार किलो खाद्य लागते असे गृहीत धरा. एकूण खाद्य २४० किलो. कणांचा आकार बाराशे मायक्रॉनवरून सातशेवर आणून केवळ सहा टक्के बचत झाली, तर एका डुकरामागे १४.४ किलो खाद्य वाचते. किलोला ३० रुपये धरले तर ४३२ रुपये. एका लाख डुकरांमागे चार कोटी बत्तीस लाख. हे आकडे माझ्या गृहीतकांचे आहेत. आपण आपल्या जिल्ह्याचे भाव घालून पाहावेत. परंतु त्यासाठी लागते काय, तर गिरणीची योग्य चाळणी. एक चाळणी शेकडो डुकरांचे दळण दळते. मक्याची आधारभूत किंमत २०२४-२५ मध्ये क्विंटलला २,२२५ रुपये झाली, इथेनॉलसाठी मका वळू लागल्यावर २०२४ मध्ये आपण निर्यातदाराचे आयातदार झालो. अशा काळात शेणातून अख्खा बाहेर पडणारा दाणा ही चैन कोणाला परवडते?

मग योजनेत हे का नाही? इथे माझ्या कबुलीजबाबाची वेळ येते. त्या योजनेच्या मूळ प्रस्तावात राज्याच्या एका तरुण पशुवैद्यकाने गटामागे एक हातोडा-गिरणी, दोन चाळण्या, एक वजनकाटा आणि खाद्य उकळण्याचे एक झाकणाचे पिंप मागितले होते. ती ओळ मी कापली. माझी टिपणी मला अजून पाठ आहे. मी लिहिले होते की, खाद्य ही आवर्ती स्वरूपाची बाब असून किरकोळ साहित्यासाठी केंद्रीय साहाय्य देय नाही. वाचणाऱ्याला वाटावे की या माणसाने शासनाचा पैसा वाचवला. पिल्लू ही मालमत्ता, गोठा ही मालमत्ता; दळण हा खर्च. योजना व योजनेतर हा भेद अर्थसंकल्पातून २०१७-१८ पासून गेला, पण आमच्या डोक्यातून गेलेला नाही. जे उभे राहते, ज्याचे छायाचित्र निघते, ज्यावर फलक लावता येतो, त्याला पैसा. जे रोज घडते, त्याला शुभेच्छा.

२०२१ मध्ये पुनर्रचना झालेल्या राष्ट्रीय पशुधन अभियानात वराहपालन उद्योजकतेसाठी पन्नास टक्के भांडवली अनुदान, कमाल तीस लाख रुपये, ठेवण्यात आले. मोठ्या घटकासाठी ते स्वागतार्हच होते. खाद्याच्या नावाखाली त्यात जे आले ते मुख्यतः वैरण, मुरघास असे, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावरांचे. डुक्कर रवंथ करत नाही. २०२० मध्ये पंधरा हजार कोटींचा पशुसंवर्धन पायाभूत सुविधा निधी आला, त्यात पशुखाद्य कारखान्यांना व्याजात तीन टक्के सवलत मिळाली. कारखाना हवाच. परंतु तीन डुकरे पाळणारी कोंग बँकेत प्रकल्प अहवाल घेऊन जाणार नाही. तिच्या आणि कारखान्याच्या मध्ये गावाची गिरणी आहे, आणि त्या पायरीकडे कोणी पाहत नाही.

यावर मला नेहमी तीन उत्तरे मिळतात. पहिले असे की, पशुसंवर्धन हा राज्यसूचीतील विषय आहे. प्रशिक्षण राज्यांनी द्यावे. मान्य. पण पिलू वाटताना आम्हाला राज्यसूची आठवत नाही, पिलू खुरटल्यावर कशी आठवते? दुसरे असे की, बाजार चांगले खाद्य आपोआप पोचवील. बाजार मोठ्या फार्मपर्यंत पोचतो, कारण तिथे ट्रक भरतो; विखुरलेल्या, तीन-तीन डुकरांच्या घरांपर्यंत पोचण्याचा खर्च त्याला परवडत नाही. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला हे शिकवतात. तिसरे उत्तर अधिक गोड आहे. पारंपरिक ज्ञानात ढवळाढवळ नको, असे ते सांगते. परंपरेविषयी मला आदर आहे. आमच्या घरी दुभत्या गाईला सरकी-पेंडीचे आंबोण भिजवून ठेवले जाई आणि ते कोणी विद्यापीठातून शिकले नव्हते. परंतु संकरित पिलू परंपरेतून आलेले नाही, ते आम्ही दिले आहे. वेगाने वाढण्याची क्षमता असलेले जनावर द्यायचे आणि खाद्याचे ज्ञान मात्र आजीवर सोपवायचे, हा परंपरेचा आदर नसून जबाबदारीतून काढलेली पळवाट आहे.

आणखी एक बाब आहे, आणि ती टाळणे आता परवडणारे नाही. हॉटेलातील व घरातील उष्टे-खरकटे डुकरांना घालण्याची प्रथा सर्वत्र आहे. आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा विषाणू डुकराच्या मांसाच्या अवशेषांतून पसरतो. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या संहितेप्रमाणे असे खरकटे सतत ढवळत किमान ९० अंश सेल्सियस तापमानावर किमान ६० मिनिटे उकळले तर तो निष्क्रिय होतो. म्हणजे शिजवण्याचे सरपण जिथे खरोखर खर्च व्हावे ती जागा ही आहे. मी कापलेल्या ओळीतील ते झाकणाचे पिंप याच कामाचे होते. त्या वेळी हा रोग देशात आला नव्हता, हे माझे समर्थन होऊ शकेल. मला ते पुरेसे वाटत नाही.

तेव्हा माझ्या मागण्या चारच आहेत, आणि त्यांतल्या एकीलाही नवे खाते किंवा नवा महासंचालक लागत नाही. एक, पिले वाटणाऱ्या प्रत्येक योजनेत गावगटामागे योग्य चाळणीची गिरणी व उकळण्याचे पिंप ही अनिवार्य बाब असावी. दोन, प्रत्येक लाभार्थ्यास स्थानिक भाषेत एका पानावर दोन याद्या द्याव्यात : काय शिजवायचे आणि काय शिजवायचे नाही. तीन, कोंड्याच्या खरेदीत हलरचा, गिरणीचा व उकड्याचा कोंडा वेगवेगळा लिहावा. चार, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, योजनेचे यश वाटलेल्या पिलांत नव्हे, तर दूध तुटल्यापासून आठव्या व सोळाव्या आठवड्यास मोजलेल्या वजनात लिहावे. वजनकाटा आला की बाकीचे प्रश्न आपोआप विचारले जातील. पिलू खुरटले की कोणीतरी गव्हाणीत डोकावेल.

पाहणीवरून परतल्यावर मी या धर्तीची टिपणी सादर केली. ती एका ओळीच्या शेऱ्यासह परत आली : "योजनेच्या कक्षेबाहेर." शेऱ्याची भाषा माझ्याच जुन्या टिपणीसारखी होती, त्यामुळे रागावण्याचा अधिकार मला उरला नव्हता.

त्या दिवशी निघण्यापूर्वी आमच्यासोबतच्या पशुवैद्यकाने कोंगना सोयाबीन उकळून देण्याविषयी आणि मका बारीक भरडून न शिजवता देण्याविषयी सांगितले होते. त्यांनी शांतपणे ऐकले, चुलीतील दोन लाकडे बाहेर ओढली आणि विचारले, "हे पिले देतानाच का नाही सांगितले?" दुभाष्याने प्रश्न माझ्याकडे वळवला. मी काहीतरी बोललो, ते उत्तर नव्हते. उत्तर हे होते की आमच्या प्रपत्रात त्यासाठी जागा नव्हती, आणि ती जागा मीच खोडली होती.